केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशींबरोबर अस्थिमज्जा, तोंडातले अस्तर आणि केसांची मुळेही त्यात सापडतात. पूर्वतयारी ठरते ती यावरूनच. रक्तातील पेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या आधी होतात. डॉक्सोरुबिसिनसारखे औषध द्यायचे असल्यास हृदयाचा टू-डी इको काढतात. हिपॅटायटिस बीची चाचणीही गरजेची, कारण शरीरात दबून राहिलेला हा विषाणू उपचारांदरम्यान उसळू शकतो. किडलेले दात वेळीच दाखवावेत. पांढऱ्या पेशी घटल्यावर तिथूनच संसर्ग शिरतो. घरी चालू असलेले काढे आणि भस्मेही डॉक्टरांना सांगावीत.

पुढे मूल हवे असेल तर वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवण्याविषयी पहिल्या डोसपूर्वीच विचारायला हवे. संकोचापोटी हा विषय राहून जातो आणि मग वेळ निघून गेलेली असते.

घरात थर्मामीटर हवाच. डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट ताप आल्यास रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते. रेशनकार्ड आणि ओळखपत्र जवळ असावे. मुंबईत टाटा रुग्णालयात उपचार घेणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे.