डिझेल पंप गळतोय? आधी फडकं घ्या, मग पाना

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग लेखी स्वरूपात. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे बघा’ काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

आज लॅपटॉप बंद आणि हात काळे. विषय आहे डिझेल पंपाची गळती. ती कुठून होतेय हे घरच्या घरी कसं शोधायचं, त्यातलं काय आपण करायचं आणि कुठे थांबायचं, एवढं आज बघू.

उदाहरण आमच्या काकांच्या ट्रॅक्टरचं घेतो. तीन सिलिंडरचं जुनं इंजिन, बाजूला बसवलेला इनलाइन पंप. ऐन रब्बीच्या पेरणीत पंपाखाली डिझेल साचायला लागलं. बघणाऱ्यांनी दोन मिनिटांत निदान केलं: ‘पंप गेला. काढा आणि तालुक्याला द्या.’ पंप तालुक्याला गेला की चार-पाच दिवस ट्रॅक्टर उभा, आणि तोवर जमिनीचा वाफसा निघून जाणार. म्हणून पंप खरंच गेलाय का, हे आधी बघायचं ठरवलं.

डिझेलचा रस्ता

टाकीतून डिझेल फीड पंपाकडे येतं. मोठ्या पंपाच्या अंगाला चिकटलेला, वर हाताने मारायचा दट्ट्या असलेला छोटा पंप म्हणजे फीड पंप. तो डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मुख्य पंपाकडे ढकलतो. मुख्य पंप ते जाड लोखंडी नळ्यांमधून नोझलकडे मारतो.

म्हणजे तीन टप्पे झाले. टाकी ते फीड पंप, इथे ओढ असते. फीड पंप ते मुख्य पंप, इथे साधारण 1 ते 2 बार दाब, कारच्या टायरमध्ये असतो जवळपास तेवढाच. आणि मुख्य पंप ते नोझल, इथे अशा जुन्या इंजिनात साधारण 200 बार. टायरच्या शंभरपट! कॉमन रेलच्या गाड्यांत हा आकडा 1,600 बार आणि त्याच्याही वर जातो. त्यामुळे आजचं काहीही कॉमन रेलवर करून बघू नका.

हात लांब ठेवा

इंजिन चालू असताना लोखंडी नळीवरून बोट फिरवून गळती शोधायची नाही. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत गेलेलं डिझेल मांस खराब करतं आणि बोट गमवायची वेळ येऊ शकते. असं झालं तर हळद लावून घरी बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना ‘दाबाने डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. धार शोधायची असेल तर लांबून पुठ्ठा धरा. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि तापलेल्या सायलेन्सरवर डिझेलचा फवारा उडत असेल तर इंजिन आधी बंद.

गळती कुठून सुरू होते?

एरर स्क्रीनवर जिथे दिसतो तिथेच बग असतो असं नाही, हे कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. डिझेलचंही तसंच. ते वर कुठेतरी सुटतं, पंपाच्या अंगावरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून ठिबकतं. आपल्याला हवी असते सगळ्यात वरची ओली जागा.

आम्ही असं केलं. इंजिन थंड होऊ दिलं. जुना टूथब्रश आणि फडक्याने पंप, नळ्या, सगळे जॉइंट लख्ख पुसले. कोरडं झाल्यावर वरून टाल्कम पावडर भुरभुरली. पावडरीवर बारीकसा ओलावाही लगेच काळपट दिसतो.

मग पहिली पायरी, काहीही न करता पंधरा मिनिटं थांबणं. टाकी पंपापेक्षा वर असेल आणि तिथून पंपापर्यंतचा एखादा जॉइंट गळत असेल, तर बंद इंजिनातही थेंब येतो. टाकी खाली असेल तर उलटं होतं: डिझेल बाहेर दिसत नाही, हवा आत जाते. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते किंवा इंजिन चालू होऊन बंद पडतं. यालाच आपण ‘एअर पकडली’ म्हणतो.

दुसरी पायरी, फीड पंपाचा दट्ट्या हाताने वीस-पंचवीस वेळा मारणं. इंजिन बंद ठेवूनच मधल्या टप्प्यात दाब तयार होतो, आणि तो दाब धोकादायक नसतो. इथेच आमचा चोर सापडला. फिल्टरकडून येणारा पाइप मुख्य पंपाला जिथे जोडतो, त्या बॅन्जो बोल्टच्या भोवती पावडर ओली झाली. थेंब पडत होता तिथून वीतभर लांब.

इथे काही मिळालं नाही तरच तिसरी पायरी: इंजिन चालू करून, लांबून टॉर्च मारून फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढायचा. हात मध्ये घालायचा नाही.

घरी काय करता येतं

बॅन्जो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. तांबं मऊ असतं, आवळलं की खाचाखोचांत बसतं आणि वाट बंद करतं. पण एकदा दाबलं गेलं की ते कडक होतं, म्हणून जुनाच वॉशर पुन्हा बसवला की गळतो. नवीन वॉशर चहाच्या पैशात मिळतात. दुकान लांब असेल तर जुना वॉशर गॅसवर लाल होईपर्यंत तापवायचा आणि गार करायचा, तो परत मऊ होतो. मात्र त्याआधी त्याच्यावरचं आणि हातावरचं डिझेल नीट पुसा, आणि हे काम ट्रॅक्टरपासून लांब करा.

साबण, दोरा, टेफ्लॉन टेप यातलं काहीही नको. टेपचा तुकडा आत गेला तर थेट नोझलपर्यंत पोचू शकतो. लोखंडी नळीचा नट गळत असेल तर तिथे वॉशर नसतो, धातूवर धातू बसतो. दोन पाने घ्या, एकाने खालचा होल्डर धरा, दुसऱ्याने नट आवळा. तरी गळालं तर नळी बदला, जोर वाढवू नका.

शेवटी एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत दट्ट्या मारायचा, स्क्रू आवळायचा, मग तेच पंपावरच्या स्क्रूला.

न दिसणारी गळती

बाहेरच्या गळतीचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला एक थेंब आणि 40 थेंबांचा 1 मिलिलिटर धरला तरी दिवसाला 2 लिटरहून जास्त. खिशाला चटका बसतो, पण इंजिन मरत नाही. इंजिन मारते ती आतली गळती.

काका म्हणाले, ‘थेंब थांबला ना? मग लाव ट्रॅक्टर.’ म्हटलं, ‘काका, एकदा डिपस्टिक बघू.’ ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं, आणि गेल्या महिन्याभरात कुणी ऑइल ओतलेलं नव्हतं. वास डिझेलचा. फीड पंपाच्या दांड्याचं सील झिजलं की डिझेल मुख्य पंपाच्या पोटात उतरतं, आणि बऱ्याच इंजिनांत तिथून ऑइलच्या चेंबरमध्ये. ऑइल पातळ होतं, बेअरिंग खातं. पातळी फार वाढली तर इंजिन ते ऑइलच जाळत बेफाम पळू शकतं, मग स्टॉप ओढूनही थांबत नाही.

फीड पंप दोन-तीन नटांवर असतो, काढल्याने टायमिंग हलत नाही. आम्ही तो काढला, ओढणारा पाइप डिझेलच्या डब्यात बुडवला, बाहेरचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या मारला. दांड्याच्या कडेने डिझेल झिरपलं. नवीन फीड पंप, नवीन गॅस्केट, नवीन ऑइल आणि ऑइल फिल्टर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेरणी सुरू.

फीड पंप चांगला निघाला असता तर मात्र गळती प्लंजरची, आणि तिथे आपलं काम संपतं. प्लंजर आणि त्याच्या बॅरलमधली फट 2 ते 4 मायक्रॉन असते, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. ते काम कॅलिब्रेशनचं मशीन असलेल्या पंपवाल्याचंच.

तर मंडळी, तुमच्या घरी ट्रॅक्टर, जुनी जीप किंवा शेतातलं डिझेल इंजिन असेल, तर दर आठवड्याला इंजिन गार असताना डिपस्टिकचा एक फोटो काढून ठेवा. ऑइल कमी झालं की सगळेच घाबरतात. वाढलं तर जास्त घाबरा, आणि कारण सापडेपर्यंत सेल्फ मारू नका.

भेटू पुढच्या भागात. हात साबणाने धुवा!