मुंबईत एक दिवस आणि खांद्यावर एक पिशवी

बुलडाणा शहराला रेल्वे नाही. मुंबईला जायचे तर आधी सुमारे ४५ किलोमीटरवरचे मलकापूर गाठायचे. घाटाखालच्या लोकांना नांदुरा आहे, शेगाव आहे. खामगावकर जलंबला येऊन मोठी गाडी पकडतात. तिथून पुढे सुमारे पाचशे किलोमीटरचा रात्रीचा प्रवास होतो आणि सकाळी मुंबई येते. परतीच्या विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेसचे तिकीट बहुधा त्याच दिवशी संध्याकाळचे असते. म्हणजे एवढ्या मोठ्या शहरात आपल्या हाती येतात ते जेमतेम दहा-अकरा तास.

या दहा तासांत कुणाला मंत्रालयात कागद द्यायचा असतो, कुणाच्या मुलाची मुलाखत असते, कुणाला परळच्या टाटा रुग्णालयात आईचे रिपोर्ट दाखवायचे असतात, तर कुणाला विमानतळावर नातेवाइकाला निरोप द्यायचा असतो. काम कोणतेही असो, माणूस गाडीतून उतरला की पहिला प्रश्न कामाचा नसतोच. तो असतो, ‘हे सामान कुठे ठेवायचे?’ एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोते, काखेत वळकटी अशा अवस्थेत सकाळच्या गर्दीत लोकलमध्ये शिरणे भल्याभल्यांना जमत नाही. मग टॅक्सी शोधा, भावावरून हुज्जत घाला. यात तासभर जातो. दहा तासांच्या हिशेबात एक तास म्हणजे दिवसाचा दहावा हिस्सा!

आपल्या सामानाला इतके वजन का येते, हे जरा समजून घेतले पाहिजे. एक कारण जुने आहे. पूर्वीच्या प्रवासात वाटेत काही मिळेल याची खात्री नव्हती. अंथरूण, तांब्या, कंदील, चार दिवसांची भाकरी घरूनच न्यावी लागे. हजचा प्रवास १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजानेही होत असे. समुद्रावरच आठवडाभर जायचा, म्हणून हाजी मंडळी लोखंडी ट्रंका भरभरून निघत. जहाजाची वाट पाहत ती क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत. आता जहाज बंद झाले आणि विमान काही तासांत पोचवते. पण सामान बांधणारा हात अजून जहाजाच्याच हिशेबाने बांधतो. गंमत अशी, की जिथे पोचायचे तिथे पुरुषाच्या अंगावर एहरामच्या दोन न शिवलेल्या चादरी असतात. पंढरीच्या वारकऱ्याचेही तसेच. खांद्यावर पताका, गळ्यात टाळ आणि पाठीवर पडशी. दोघांनाही मुक्काम माहीत असतो, म्हणून ओझे कमी करता येते.

दुसरे कारण मायेचे आहे. मुंबईला निघाल्याची बातमी गल्लीत पसरली, की शेजारची खाला कुरडया घेऊन येते, मागच्या घरचे काका पाच किलो ज्वारी देतात. ‘कल्याणला आमचा पोरगा आहे, तेवढे देऊन टाका.’ नाही म्हणणे जड जाते. पण कल्याण, कांदिवली आणि वाशी ही तीन टोके आहेत आणि एका दिवसात तिन्ही होत नाहीत. रुग्णाला घेऊन निघालेल्या माणसाने तर असे पुडके घेऊच नये. ‘या खेपेला दवाखान्याचे काम आहे, पुढच्या खेपेला नक्की नेतो,’ असे निघण्यापूर्वी सांगितले, तर कुणाला राग येत नाही.

ओझे कमी करण्याचा विषय निघाला, की आपल्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांची आठवण येते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेला हा माणूस हातात खराटा आणि सोबत मातीचे गाडगे एवढ्यावर महाराष्ट्रभर फिरला. पण स्वतःजवळ काही न ठेवणाऱ्या बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे इतरांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. प्रवाशाला पाठ टेकायला जागा मिळाली, की त्याला घर पाठीवर घेऊन हिंडावे लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा दादरला आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी गावोगावाहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे अल्प दरात राहतात. हज हाऊसही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जवळच आहे. अशा ठिकाणी जागा मिळते का, हे निघण्यापूर्वी विचारून घेतले, तर अंथरुणाचे अर्धे ओझे घरीच राहते.

आता प्रत्यक्ष बांधाबांध कशी करावी ते पाहू. पिशवी एकच आणि पाठीवर अडकवता येईल अशी घ्यावी. आम्हा कवी मंडळींना शबनम प्रिय. पण ती सारखी खांद्यावरून घसरते आणि एक हात तिलाच धरण्यात गुंततो. पूल चढताना कठड्याला आणि गर्दीत सोबतच्या वडीलधाऱ्याला धरायला दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी भरली, की ती पाठीवर घेऊन घराच्या जिन्यावरून तीनदा वर-खाली करावे. दम लागला, तर काहीतरी काढायचे आहे असे समजावे.

आत काय असावे? कपड्यांचा एक जोड, पातळ चादर, जाड टॉवेलऐवजी पंचा, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर आणि एका वेळची शिदोरी. पावसाळा असेल तर छत्री. रोजची औषधे वरच्या कप्प्यात ठेवावीत. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगळ्या. टाटाला प्रथमच जात असाल, तर आधीच्या तपासणीचे रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक न विसरता घ्यावेत. कपडे विसरले तर मुंबईत विकत मिळतात, ब्लॉक मिळत नाही. दोन-तीन फोन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावेत, कारण फोनची बॅटरी नेमकी अडचणीच्या वेळी संपते.

एक लहान कुलूपही घ्यावे. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवायचे तर ते कुलूपबंद असावे लागते आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. तोंडाला सुतळी बांधलेले पोते तिथे घेत नाहीत. परळला जाणाऱ्यांनी शेवटच्या स्थानकापर्यंत न जाता दादरलाच उतरावे. तिथून परळ हे लोकलचे पुढचेच स्थानक आहे.

काम लवकर झाले, तर हलक्या पिशवीचा खरा फायदा कळतो. टर्मिनसची इमारतच पाहण्यासारखी आहे. ती १८७८ पासून दहा वर्षे बांधली जात होती आणि २००४ मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. समोरची महापालिकेची इमारतही त्याच स्टीव्हन्स नावाच्या वास्तुकाराची. चालत गेले, तर १९२४ साली खुले झालेले गेट वे ऑफ इंडिया पाहून गाडीच्या वेळेपर्यंत परत येता येते. सामानाच्या राखणीला एक माणूस बसवून ठेवावा लागला, तर चौघांतल्या तिघांनाच मुंबई दिसते, आणि राखणीला बसणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते.

आता आपल्या जिल्ह्यातली मुले नोकरीसाठी आखातात आणि त्याही पलीकडे जातात. वाटेत दुबईला किंवा सिंगापूरला विमान बदलावे लागते. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर मोठी बॅग सहसा थेट शेवटच्या मुक्कामी जाते. तिकिटे वेगळी असतील, तर ती मध्येच ताब्यात घ्यावी लागू शकते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. हे तिकीट काढतानाच विचारावे. आयांनी एक लक्षात ठेवावे: मिरचीचे लोणचे विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही आणि सुके खोबरे कोणत्याच बॅगेत नाही. मसाल्यात खसखस घालून देऊ नये. आपल्या स्वयंपाकघरातली ही साधी वस्तू संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या मालात मोडते. मुलाच्या जिभेला घरची चव मिळावी म्हणून दिलेली पुडी त्याला पोलिसांसमोर उभी करू शकते.

शेवटी एकच. निघण्याच्या आदल्या रात्री पिशवी एकदा पूर्ण रिकामी करावी आणि एकेक वस्तू परत भरताना विचारावे, ‘उद्याच्या दहा तासांत हिला मी बाहेर काढणार आहे का?’ ज्या वस्तूचे उत्तर ‘नाही’ येईल, ती घरी ठेवावी. पिशवीत थोडी जागा मोकळी राहिली, तरी ती भरण्याची घाई नको. परतताना नवे रिपोर्ट असतात, औषधे असतात आणि घरी वाट पाहणाऱ्या मुलांसाठी काहीतरी घ्यायचे असते.