तीव्र मिश्र व्यायाम : गुण आणि दोष

गेल्या काही वर्षांत आपल्या बुऱ्हाणपुरात व्यायामाची भाषाच पालटली आहे. पूर्वी मुलगा संध्याकाळी घराबाहेर पडला की तो तालमीत गेला असे समजत. आता तो जिमला जातो. तेथेही नुसती वजने उचलून तो थांबत नाही. वीस बैठका, दहा जोर, दोरीवरच्या पन्नास उड्या, मग जड गोळा झुलवणे, मग धाव. हे सारे घड्याळ लावून, मध्ये फारसा दम न खाता, पंधरा-वीस मिनिटांत उरकायचे आणि दुसऱ्या दिवशी याहून निराळे काही करायचे. या प्रकारास आम्ही येथे ‘तीव्र मिश्र व्यायाम’ असे म्हणू. ट्रस्टच्या कुटुंबांतील पुष्कळ तरुण तो करतात. काही मुली घरच्या गच्चीवर मोबाइल समोर ठेवून करतात. पालक आम्हां शिक्षकांना विचारतात, “सर, हे चांगले की वाईट?” एका शब्दात उत्तर देण्याजोगा हा प्रश्न नव्हे, म्हणून हा लेखप्रपंच.

या पद्धतीचे जगभर गाजलेले नाव क्रॉसफिट होय. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ग्रेग ग्लासमन या व्यायामशिक्षकाने 2000 साली त्या नावाची कंपनी काढली. परंतु निरनिराळे व्यायाम एकत्र गुंफण्याची कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. तालमीत जोर-बैठका होत, मुद्गल व करेला फिरवीत, दोर चढत, मलखांब करीत, फावड्याने आखाड्याची माती उकरीत आणि शेवटी कुस्ती धरीत. बडोद्याच्या जुम्मादादांच्या आखाड्यात प्रो. माणिकराव तयार झाले. त्या माणिकरावांजवळ 1907 ते 1910 या काळात शिकलेल्या स्वामी कुवलयानंदांनी पुढे 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाभ्यासाचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजावयास आरंभ केला. मेळघाटापलीकडे अमरावतीस 1914 पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ चालू आहे; तेथील मंडळींनी 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ करून दाखविले होते. तेव्हा ‘हे सारे विलायती खूळ आहे’ असे जे वडीलधारे म्हणतात, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

गुणांविषयी प्रथम. जपानमधील इझुमी ताबाता व त्यांचे सहकारी यांनी 1996 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण विद्यार्थ्यांच्या एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज एक तास मध्यम वेगाने व्यायामाची सायकल चालविली. दुसऱ्या गटाने चार दिवस, वीस सेकंद जीव तोडून आणि दहा सेकंद विश्रांती अशा सात-आठ फेऱ्या केल्या, म्हणजे जेमतेम चार मिनिटे. पाचव्या दिवशी अर्धा तास मध्यम गती आणि थोड्या फेऱ्या. प्राणवायू वापरण्याची शरीराची क्षमता दोन्ही गटांत वाढली. पण थोड्या वेळात एकदम जोर लावण्याची ताकद दुसऱ्या गटात 28 टक्क्यांनी वाढली, पहिल्या गटात तिच्यात विशेष फरक पडला नाही. दिवसभर यंत्रमागापाशी उभा राहून आलेला तरुण, किंवा स्वयंपाक आणि अभ्यास यांच्या मध्ये अर्धा तास सापडणारी मुलगी, यांच्या दृष्टीने वेळेची ही बचत लहान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2020 साली प्रौढांना आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस व्यायाम सांगितला आहे. जोर वाढला की वेळ निम्मा पुरतो. शिवाय रोज प्रकार बदलल्याने कंटाळा येत नाही आणि सोबत चार जण असले की आळस राहत नाही.

मात्र वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ताबातांच्या प्रयोगातील मुले आधीपासून व्यायाम करणारी होती, सायकल जागच्या जागी उभी होती, आणि मापन करणारी जाणती माणसे शेजारी होती. यांतील काहीच नसताना नुसती तीव्रता उचलली तर काय होते ते पाहू.

आमच्या ओळखीच्या एका तरुणास सैन्यात भरती व्हावयाचे होते. महिनाभराने चाचणी असल्याने त्याने जिम धरली, आणि पहिल्याच दिवशी मित्रांशी पैज लावून तीनशे बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी त्याला जिना उतरवेना. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. घरच्यांनी ती उष्णता समजून सब्जाचे सरबत पाजले. नशिबाने शेजारच्या कंपाउंडरने वेळीच दवाखान्यात पिटाळले. कित्येक दिवस सलाइन लावून मूत्रपिंडे वाचली, मुलगा बरा झाला. भरतीची तारीख मात्र निघून गेली.

यास डॉक्टर रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सवय नसलेल्या स्नायूवर एकाएकी फार भार पडला तर त्याच्या पेशी फुटतात आणि त्यांतील मायोग्लोबिन हे द्रव्य रक्तात उतरते. ते गाळता गाळता मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. 1941 साली लंडनवरील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या माणसांची मूत्रपिंडे नंतर का बंद पडतात याचे वर्णन बायवॉटर्स व बील या डॉक्टरांनी केले. ढिगाऱ्याने जे होते ते अतिरेकी व्यायामानेही होऊ शकते. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतो, म्हणून तो विशेष दुखावतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर जातो. त्यात पाणी कमी पडले की धोका अधिकच. अंग फार दुखते म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा व्यायामास जाणे हे तर सर्वांत वाईट, कारण त्या गोळ्या मूत्रपिंडावर आणखी ताण आणतात. लघवीचा रंग गडद झाला, स्नायू सुजून कडक झाले, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

यावरचा उपाय तालमीस पूर्वीपासून ठाऊक होता, त्याचे शास्त्र नंतर कळले. एकदा थोडा दुखावून भरून आलेला स्नायू पुढच्या वेळी तेवढाच भार पुष्कळ कमी इजेने झेलतो. म्हणून उस्ताद नव्या मुलास पहिल्या दिवशी दहा बैठका देई आणि चार-पाच दिवसांनी पाच वाढवी. त्याच्या देखत कोणी जास्त मारू लागला तर कान पिळला जाई. घड्याळ कान पिळीत नाही; ते उलट घाई करते. अमेरिकेत ‘मर्फ’ नावाचा एक क्रम प्रसिद्ध आहे : दीड किलोमीटरहून थोडी अधिक धाव, 100 वेळा बारला लोंबकळून वर येणे, 200 जोर, 300 बैठका आणि पुन्हा तेवढीच धाव. अफगाणिस्तानात 2005 साली मारल्या गेलेल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ तो करतात. वर्षानुवर्षे सरावलेल्यांस तो शोभतो. मोबाइलवर पाहून आठव्या दिवशी करू जाणे हा वेडेपणा होय.

दुसरा दोष थकव्याचा. दमलेल्या माणसाचे अंग नीट वळत नाही. पाठ वाकते, गुडघे आत येतात, आणि त्याच अवस्थेत जड वजन डोक्यावर नेले तर खांदा किंवा कंबर जाते. या व्यायामातील दुखापतींच्या पाहणीत हीच दोन ठिकाणे पुन्हा पुन्हा आढळतात. एकंदर दुखापतींचे प्रमाण भारोत्तोलन किंवा जिम्नॅस्टिक्सपेक्षा फारसे निराळे नाही असेही त्या पाहण्या सांगतात. पण त्या बहुधा टिकून राहिलेल्या सभासदांच्या असतात, पहिल्या आठवड्यात पळून गेलेल्यांच्या नव्हेत. म्हणून आमचा आग्रह असा की वजनाचे प्रकार ताजेपणी आणि मोजकेच करावेत. घड्याळ लावावयाचे ते चालणे, दोरी, जिना अशा साध्या गोष्टींना. रोज सगळेच नवे असले की प्रगतीही मोजता येत नाही. चार-पाच प्रकार दोन महिने धरून ठेवावेत. असा जोरकस व्यायाम आठवड्यात तीन दिवस पुरे. रात्रपाळी करून आलेल्याने त्या दिवशी झोपच घ्यावी.

चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचा विकार असलेल्यांनी प्रथम डॉक्टरांना विचारावे आणि काही आठवडे झपझप चालण्यापासून आरंभ करावा. राजघाटापर्यंत पायी जाऊन येण्यास फी पडत नाही. आणि वीस मिनिटे घाम गाळला म्हणून मावा जिलेबीचा पाव किलो हलाल झाला, असा हिशेब कोणी करू नये. तेवढ्याने ती जिरत नाही.

रमजानविषयी मुले दर वर्षी विचारतात. रोजा असताना दुपारी किंवा असरनंतर उन्हात तीव्र व्यायाम करू नये. पाणी पिता येत नाही हेच कारण पुरेसे आहे. इफ्तारनंतर हलके खाऊन, तरावीह आटोपल्यावर, नेहमीच्या निम्मा व्यायाम करावा, आणि सेहरीपर्यंत थोडे थोडे पाणी पीत राहावे. ईदनंतरचा पहिला आठवडाही निम्म्यावरच ठेवावा. महिनाभर सैल पडलेल्या स्नायूंना जुना आकडा एकदम सोसत नाही.