विरजणाची वाटी

२९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपानं जमीन हादरली. नाव लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचं झालं, पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यातही माळवदं कोसळली. दगड-मातीच्या भिंती आणि छतावरचा मातीचा जाड थर झोपलेल्या माणसांवर आला.

पुढे लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली मिळून ५२ गावं नव्या जागी बसवली. जमीन किती, ते पाहून २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचं पक्कं घर मिळालं. अनेक ठिकाणी एका मापाची घरं एकत्र पडली आणि जुनी गल्ली पांगली. ओट्यावरून ओट्यावर बोलणाऱ्या बाया चार ओळी दूर गेल्या. भिंती मजबूत हव्यातच, पण शेजाराचाही हिशेब धरायला हवा होता, असं मला फार वाटतं.

कारण शेजाराचं बळ संशोधकांनी मोजलेलं आहे. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी रहिवाशांना विचारलं, तुमचं उठणं-बसणं कुणाकडे? १९५० साली ते छापून आलं. लगतच्या दाराचं नाव घेण्याचं प्रमाण ४१ टक्के, मजल्याच्या दुसऱ्या टोकाचं अवघं १०. जिन्यापाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर ओळख जास्त, कारण येता-जाता गाठ पडायची.

गाठ पडली म्हणजे जीव लागला, असं मात्र नाही. १९९७ मध्ये आर्थर एरॉन यांनी अनोळखी जोड्यांना ३६ प्रश्न दिले, वरवरच्या गोष्टींपासून हळूहळू मनाच्या तळाशी नेणारे. पाऊण तासात ती माणसं नुसत्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा जवळ आली. हॅरी राइस आणि फिलिप शेव्हर यांनी अशा जवळिकीत ऐकणाऱ्याचं काम मांडलं: आपलं दुखणं समोरच्याला कळलं, त्याला आपली काळजी आहे, असं वाटलं की माणूस पुढचं बोलतो.

लोहाऱ्याकडच्या एका पुनर्वसित गावात दोन म्हाताऱ्या लगतच्या घरांत राहतात. जुन्या गावात त्यांची तोंडओळखसुद्धा नव्हती. सुरुवात विरजणाच्या वाटीपासून झाली; मग पीठ, मग दळण, मग पोरांची लग्नं. भूकंपात गेलेल्या लेकीबद्दल एकीनं तोंड उघडलं ते कित्येक वर्षांनी, शेवया वाळत घालताना. दुसरीनं हातातली काठी खाली ठेवली आणि ऐकत बसली. तेव्हापासून ३० सप्टेंबरला पहिलीच्या घरी चूल पेटत नाही. भाकरी शेजारून येते.