गोळी सुटते, पुढे काय?

गेल्या रविवारी नातू आणि त्याचे तीन मित्र आमच्या जेवणाच्या टेबलावर फासे, कागद, पेन्सिली मांडून बसले होते. हा खेळ गोष्टीचा. एक सूत्रधार, बाकीचे पात्रे. कोण काय करतो ते बोलून सांगायचे. जमले की फसले ते फासा ठरवतो. त्या दिवशी गोष्टीतल्या गुप्तहेराने गोळी झाडली आणि खेळ अडला. "आजोबा, तुम्ही बँकेतले. जरा हा तक्ता वाचून द्या ना!"

तक्ता 'फिनिक्स कमांड' या 1986 सालच्या अमेरिकन खेळाचा. नेम धरायला लागणारा वेळ, अंतर, गोळीचा भेदकपणा, ती शरीरात नेमकी कुठे घुसली, सारे आकड्यांत. निकाल लागेपर्यंत चहा गार झाला. ज्याला गोळी लागली, त्याचे नाव मात्र कोणाच्या तोंडी नव्हते.

मला आमची तालुक्याची शाखा आठवली. एका संध्याकाळी रखवालदाराची बारा बोअरची बंदूक रिकामी करताना उडाली. छर्रे छतात गेले, कोणालाही इजा झाली नाही. पण खतावणीवर गिलावा पडला, आणि नोटा मोजण्यात तरबेज असलेल्या आमच्या कॅशियरला त्या दिवशी शंभराची एक गड्डी मोजता येईना. बंदुकीची बनावट मी विसरलो. ते थरथरणारे हात विसरलो नाही.

या तक्त्यांचे मूळ लष्करात आहे. 1824 साली प्रशियाच्या राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ सिद्ध केला. हानी ठरवायला फासे आणि तक्ते. पुढे 1876 साली त्याच सैन्यातल्या व्हर्डी द्यू व्हर्नुआ यांनी ते तक्ते बाजूला सारून निवाडा अनुभवी पंचावर सोपवला. लष्कराला जे जड झाले, ते आपल्या पोरांनी का वाहावे?

म्हणजे बंदूक खोटी करावी, असे नव्हे. 1981 सालच्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये साधारण माणसाची ताकद दहा-बारा गुणांची आणि रिव्हॉल्व्हरची एक गोळी त्यातले 1 ते 10 गुण नेऊ शकते. नियम एका ओळीचा, पण तो कळला की खेळाडू बंदूक काढण्यापूर्वी दहादा विचार करतो. गोळ्या किती उरल्या तेही जरूर मोजावे. त्यात धाकधूक आहे. खरेपणा हवा तो इथे. बँकेत आम्ही म्हणायचो, खतावणी जुळली म्हणून कर्ज वसूल होत नाही.

मी तक्ता मिटला आणि सूत्रधाराला एवढेच विचारले, "आवाज ऐकून शेजारचे कोण कोण जागे झाले?"

चौघेही गप्प झाले. मग नातवाने फासे खाली ठेवले आणि हळूच म्हणाला, "त्याची आई."

तिथून खेळ पुढे सुरू झाला.