शुद्ध रक्त आणि स्वच्छ हात

मूत्रपिंडे निकामी झालेल्या मनुष्यास डायलिसिस म्हणजे पुनर्जन्मच होय. १९४३ साली हॉलंडमध्ये डॉ. विलेम कॉल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड प्रथम रुग्णावर वापरले. तेच यंत्र आज जिल्ह्याच्या गावी येऊन पोचले आहे. एके काळी आदिलाबादच्या रुग्णाला त्यासाठी नागपूर किंवा हैदराबाद गाठावे लागे. २००८ साली येथे ‘रिम्स’ ही वैद्यकीय संस्था उभी राहिली, आरोग्यश्री योजनेने खर्चाचा भार हलका केला, आणि पैनगंगेच्या काठच्या गावांतील गोरगरिबांनाही हा उपचार आवाक्यात आला.

परंतु या उपचाराची एक बाजू घरच्या माणसांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. आठवड्यातून तीनदा, दर खेपेस सुमारे चार तास, आणि प्रत्येक वेळी दोन सुया! वर्षाकाठी तीनशेहून अधिक वेळा रुग्णाच्या रक्तवाहिनीचे दार उघडले जाते. त्या दारातून चोरपावलांनी शिरणारा शत्रू म्हणजे ‘हेपॅटायटिस सी’चा विषाणू. १९८९ साली त्याची ओळख पटली. त्या संशोधनासाठी आल्टर, हॉटन व राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू रक्तातून पसरतो, वर्षानुवर्षे काही लक्षण न दाखवता यकृत पोखरतो, आणि त्यावर आजही लस नाही.

हे संकट केवळ आपल्याकडच्या अपुऱ्या साधनांमुळे येते असे कोणी समजू नये. २०१४ व २०१५ या दोन वर्षांत अमेरिकेतील १९ डायलिसिस केंद्रांत अशा ३६ नव्या लागणी आढळल्याचे तेथील सरकारी आरोग्यसंस्थेने जाहीर केले. दोष बहुधा यंत्राचा नसतो, हातांचा असतो. एका रुग्णाला हाताळलेले हातमोजे तसेच ठेवून दुसऱ्याकडे जाणे, हेपरिनची एकच बाटली अनेकांसाठी खाटांपाशी नेणे, औषधांची गाडी खाटेखाटेवरून फिरविणे, खुर्चीच्या हातावरील डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा थेंब न पुसता पुढच्या रुग्णाला बसविणे, या वाटांनी विषाणू प्रवास करतो. दोन पाळ्यांमधला वेळ अपुरा पडला की घाई होते, आणि घाईत आधी हात धुणेच राहून जाते.

यास्तव जाणत्या डॉक्टरांचे नियम साधे आहेत. प्रत्येक रुग्णागणिक हात धुवावे व मोजे बदलावे. इंजेक्शने वेगळ्या स्वच्छ जागी तयार करावी. एक रुग्ण उठला की खाट, खुर्ची व यंत्राचा बाहेरचा भाग जंतुनाशकाने पुसून मगच दुसऱ्यास घ्यावे. रुग्णाची उपचारारंभी व पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. ‘बी’ विषाणूच्या रुग्णांसाठी वेगळे यंत्र लागते. ‘सी’च्या रुग्णाला मात्र वेगळे बसविण्याची गरज नसते, नियम काटेकोर पाळणे हाच उपाय.

येथे आम्हांस आमच्या परिचयातील एका घराची गोष्ट सांगावीशी वाटते. आजोबांच्या रक्तात ‘सी’ विषाणू सापडला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचे ताट-वाटी वेगळे झाले, नातवंडांना जवळ जाऊ देईनात. आजोबांना दुखण्यापेक्षा हे अधिक लागले. वास्तविक हा रोग एका पंगतीत जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा खोकल्याने पसरत नाही. दाढीचे पाते, नखे कापण्याचे साधन व दात घासण्याचा ब्रश एवढे वेगळे ठेवले म्हणजे पुरे. आणि आता तर तो बरा होतो! बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात, डायलिसिसवरील रुग्णांनाही त्या देता येतात, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. मात्र बरे झालेल्यास पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून सावधगिरी सुटता कामा नये.

आमच्या भागात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. घरात मराठी बोलणारी आजी दवाखान्यातील तेलुगूला बिचकते आणि गप्प बसते. आमच्या शाळेतील मुले दोन्ही भाषा सहज बोलतात. सुट्टीच्या दिवशी डायलिसिस असेल तेव्हा घरच्या मोठ्या माणसाबरोबर नातवानेही जावे आणि नम्रपणे विचारावे: “सिस्टर, मोजे बदललेत ना? आजोबांची सहामाही तपासणी कधी आहे?” असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. दिवसभर राबणाऱ्या परिचारिकेलाही त्यातून आठवण होते, आणि जागरूक घर पाठीशी आहे हे कळते. अहवालांची एक वही घरी ठेवावी, तारखा लिहाव्या, आणि पुढची तारीख चुकू देऊ नये.