कॅलिपर टोचतोय? माळ्यावर टाकू नका, आधी जुळवून घ्या

नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. पण त्याआधी ज्यांच्या पायाला पोलिओ झाला, ती माणसं आज शेतात, दुकानात, शाळेत कामाला आहेत. त्यातल्या कित्येकांच्या घरी शिबिरात मिळालेला कॅलिपर माळ्यावर पडलेला असतो. चार दिवस वापरला, टोचला, काढून ठेवला. मग पुन्हा गुडघ्यावर हात दाबून चालणं सुरू.

कॅलिपर चपलेसारखा नंबर बघून घ्यायचा नसतो. तो पायाला बसवल्यावर पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो. वजन कमी-जास्त झालं, पाय बारीक झाला, पट्टा सैल पडला तरी चाल बिघडते. लहान मुलांची उंची वाढते, म्हणून त्यांचा कॅलिपर दर तीन ते सहा महिन्यांनी दाखवलेला बरा.

कुठे दुखतं यावरून बिघाड ओळखता येतो

बसताना-उठताना कॅलिपर पायावर वर-खाली सरकत असेल, तर त्याचा सांधा आपल्या गुडघ्याच्या रेषेत नाही असं समजावं. जांघेत टोचत असेल तर मांडीचा वरचा पट्टा जास्त वर आलेला असतो. चालताना गुडघा पुढे ढकलल्यासारखा वाटला, तर घोट्याचा कोन किंवा बुटाची टाच तपासावी लागते. प्लॅस्टिकचा कॅलिपर ठरावीक उंचीच्या टाचेसाठी बनवलेला असतो. बाजारातून जाड टाचेचा बूट आणून घातला की सगळा हिशोब चुकतो.

कंबर दुखत असेल तर बुटाखालची उंची बघावी. आखूड पायाच्या बुटाला तळ लावतात, पण गुडघा लॉक करून चालणाऱ्यांसाठी तो मुद्दाम थोडा कमी ठेवतात. नाहीतर पाय पुढे टाकताना बूट जमिनीला घासतो आणि माणूस पडतो.

कॅलिपर काढल्यावर कातडीवर लाल डाग दिसतात. अर्ध्या तासात ते गेले तर काळजी नाही. तसेच राहिले किंवा फोड आला तर वापर थांबवून दाखवून घ्या. पोलिओत पायाची जाणीव शाबूत असते, म्हणून टोचलेलं कळतं. पण मणक्याच्या दुखापतीत किंवा कुष्ठरोगात जाणीव गेलेली असते. अशांनी रोज संध्याकाळी पाय डोळ्यांनी बघायचाच, तळपाय आरशात.

वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका

पट्टी वाकडी झाली की गावात हातोडीने सरळ करायची किंवा प्लॅस्टिक गरम करून दाबायची सवय आहे. एका बाजूची पट्टी जरा जरी फिरली तरी लॉक नीट बसत नाही, आणि चालताना लॉक सुटलं तर हाड मोडू शकतं. हे काम ऑर्थोटिस्टचं. त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते. जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची यासाठीची मोठी संस्था आहे.

घरी करायचं ते इतकंच: चिखल लगेच पुसा, सांध्याला तेलाचा थेंब द्या, चामड्याचे पट्टे सावलीत वाळवा, आत सुती लांब मोजा घाला. रिबिट ढिली झाली का, आठवड्यातून एकदा बघा.

जाताना काय न्यायचं

रोजचा बूट, तोच मोजा, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड. "त्रास होतो" एवढंच सांगू नका. कुठे, किती चालल्यावर, चढावर की उतारावर, हे सांगा. शक्य असेल तर घरच्या कोणाला मोबाईलवर समोरून आणि बाजूने चालतानाचा व्हिडिओ काढायला लावा. जुळवून झाल्यावर तिथेच चालून, बसून, उठून बघा. लगेच घरी पळू नका.

केंद्राच्या एडिप योजनेत तेच साधन पुन्हा मिळायला साधारण तीन वर्षं थांबावं लागतं, १२ वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. पण असलेला कॅलिपर जुळवायला तेवढं थांबायची गरज नाही. पैशाची अडचण असेल तर ग्रामपंचायतीच्या ५ टक्के दिव्यांग निधीतून मदतीसाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे अर्ज देता येतो.

आणि एक. पोलिओ होऊन पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लोटल्यावर पायातली ताकद नव्याने कमी होत असेल, लवकर थकवा येत असेल, तर ते वयाचं म्हणून सोडून देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा, मग कॅलिपर त्याप्रमाणे बदलून घ्या.